पोर्शच्या रेडिएटरला जाळी: तयार घ्यावी की घरी बसवावी?

पोर्श बॉक्स्टरचं इंजिन सीटच्या मागे, पण रेडिएटर पुढच्या चाकांसमोर, बंपरच्या तोंडाशी. त्यांच्याही पुढे एसीचे कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळ्या. म्हणजे समृद्धीवर पुढच्या ट्रकनं उडवलेली गिट्टी पहिल्यांदा एसीवरच आदळते. नागपूरच्या मे महिन्यात एसी गेला, तर मग बोलायलाच नको, बाप्पा!

तयार ग्रिल स्टेनलेस स्टीलची, काळी पावडर कोटिंग केलेली, बंपरच्या मापात बसणारी. महाग आहे, बाहेरून मागवावी लागते. पण दगडानं वाकत नाही, आणि दिसतेही कंपनीचीच.

घरगुती उपाय म्हणजे इतवारीतून ॲल्युमिनियमची जाळी आणायची, कात्रीनं कापायची, काळ्या केबल टायनं आवळायची. रविवारची सकाळ पुरते. खर्च किरकोळ. मात्र मोठा खडा लागला की खळगा पडतो, आणि कापलेली टोकं बोटं फाडतात, दुमडून घ्या.

खरी गोम भोकांच्या मापात आहे. तार १ मिमी आणि भोक ४ मिमी असेल, तर हवेला जेमतेम ६४ टक्के जागा उरते. ६ मिमी भोक घेतलं की ७३ टक्के. आपल्या ४५ अंशांत मी ६ मिमीच घेईन. बारीक कच आत गेली तरी चालेल.

जाळी आधी लावणार असाल, तर थांबा. आत साचलेला कडुनिंबाचा पाला आधी काढा. तो पावसात कुजतो आणि कंडेन्सर खातो.

गाडी रोज हायवेवर जात असेल तर तयार ग्रिल. सिव्हिल लाइन्सच्या फेऱ्यांना इतवारीची जाळी पुरते.