मुरुमांसाठी डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या : कोर्स चालू असताना आणि संपल्यानंतर

मुरुमांसाठी डॉक्सीसायक्लिनसारख्या पोटातून घ्यायच्या प्रतिजैविकांविषयी वाचायला मिळणारे अनुभव बहुतेक वेळा पहिल्या काही आठवड्यांतच लिहिलेले असतात. गोळी नुकतीच सुरू झालेली असते आणि लिहिणारी व्यक्ती एक तर हरखलेली असते, नाही तर निराश झालेली असते. माझ्या मते या औषधाची खरी परीक्षा कोर्स संपल्यानंतर होते, म्हणून गोळी बंद होऊन अर्ध्याहून अधिक वर्ष उलटल्यावर मी हा अनुभव लिहीत आहे.

मी ठाण्यात राहते, तिशीच्या जवळ आले आहे आणि बांधकामाच्या साइटवर काम करत असल्यामुळे दिवसाचा बराच वेळ उन्हात असते. माझी मुरुमे कॉलेजच्या वयातली नव्हती. ती पंचविशीनंतर सुरू झाली आणि हनुवटी, जबड्याची कड व पाठ या ठिकाणी खोलवर, गाठीसारखी, हात लावला तरी ठणकणारी अशी येत असत. प्रत्येक गाठ बसताना मागे काळपट डाग ठेवून जाई, आणि आपल्याकडच्या गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर तो डाग मुरुमापेक्षा कितीतरी जास्त काळ टिकतो. त्वचारोगतज्ज्ञांनी तपासल्यावर मासिक पाळी नियमित आहे का, गर्भधारणेचा विचार आहे का, आणखी कोणती औषधे चालू आहेत, असे प्रश्न विचारलेच. पण दुकानातून आणलेले एखादे गोरेपणाचे मलम चेहऱ्याला लावत होता का, हेही त्यांनी दोनदा विचारले. त्यामागचे कारण गंभीर आहे. आपल्याकडे अशा अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड असते, त्याने सुरुवातीला चेहरा स्वच्छ दिसतो आणि नंतर मुरुमे दुपटीने उठतात. २०१८ पासून अशी स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरी ती सहज मिळतात. ज्यांच्या घरात असे मलम असेल त्यांनी ते डॉक्टरांना जरूर दाखवावे, कारण तिथे उपचाराची दिशाच बदलते.

मला मिळालेली चिठ्ठी अशी होती : सकाळी नाश्त्यानंतर डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅमची एक गोळी, सकाळीच अडीच टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचे (जिवाणू मारणारे) जेल, रात्री ०.१ टक्के अ‍ॅडापॅलिनचे जेल, आणि दिवसभर सनस्क्रीन. गोळी तीन महिने घ्यायची आणि नंतर थांबवायची, जेल मात्र पुढेही चालू ठेवायची, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले गेले. नुसती गोळी लिहून दिली गेली असेल आणि सोबत लावायचे काहीच नसेल, तर वाचकांनी तिथेच प्रश्न विचारावा असे मला मनापासून वाटते. ब्रिटनच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना असोत की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या २०२४ च्या, दोन्हींचा रोख हाच आहे की प्रतिजैविक एकटे देऊ नये आणि शक्य तितक्या कमी काळासाठी द्यावे.

त्याचे कारण मुरुमांच्या स्वरूपात आहे. मुरूम म्हणजे बाहेरून झालेला संसर्ग नव्हे. तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, केसाच्या मुळाशी मृत पेशी साचून रंध्राचे तोंड बंद होते, आत अडकलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचा जिवाणू वाढतो, आणि शरीराची त्यावरची प्रतिक्रिया म्हणून लाली, सूज व पू दिसतो. हा जिवाणू स्वच्छ चेहऱ्याच्या माणसाच्या त्वचेवरही असतोच. डॉक्सीसायक्लिन या जिवाणूची वाढ रोखते, पण तिचा तितकाच महत्त्वाचा गुण म्हणजे ती दाह कमी करते. जिवाणूंवर परिणाम होणार नाही इतक्या कमी मात्रेतही तिचा मुरुमांवर उपयोग झालेला आढळला आहे. तेलाचे प्रमाण मात्र ती कमी करत नाही आणि बंद झालेली रंध्रेही उघडत नाही. ते दुसरे काम अ‍ॅडापॅलिनचे आहे. हे समजून घेतल्यामुळे गोळीकडून काय मागायचे आणि काय मागायचे नाही, हे मला आधीपासून ठाऊक होते.

पहिल्या महिन्यात गोळीचा म्हणावा असा परिणाम दिसला नाही. उलट अ‍ॅडापॅलिनमुळे नाकाच्या कडेची व ओठांखालची त्वचा कोरडी पडून सोलली आणि कपाळावर बारीक पुळ्या आल्या, ज्या या जेलच्या सुरुवातीला अनेकांना येतात. साधे, वास नसलेले मॉइश्चरायझर लावून मी तो काळ काढला. दुसऱ्या महिन्याच्या मध्यावर फरक जाणवू लागला, आणि तो आधी आरशात नव्हे तर स्पर्शात जाणवला : उशीवर गाल टेकवताना दुखत नव्हते. नव्या गाठी येणे जवळपास थांबले होते. तिसरा महिना संपला तेव्हा पाठ पूर्ण स्वच्छ झाली होती, हनुवटीवर किरकोळ पुळ्या उरल्या होत्या, आणि काळे डाग व जुने खड्डे होते तसेच होते. या डागांवर आणि खड्ड्यांवर गोळीचा काहीही उपयोग होत नाही. ती फक्त नवे डाग पडण्याचे कारण थांबवते.

गोळी कशी घ्यायची याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण निम्मे त्रास तिथेच टळतात. ही गोळी भरपूर पाण्यासोबत, बसून किंवा उभे राहून घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. माझ्या एका सहकारी मैत्रिणीने हीच गोळी सकाळच्या गर्दीत, लोकलमध्ये, जेमतेम एका घोटाबरोबर घेतली होती आणि त्यानंतर बरेच दिवस तिला भाकरीचा घास गिळतानाही छातीत कळ येई. म्हणून रात्री झोपण्यापूर्वीची शेवटची गोष्ट म्हणून ती कधीही घेऊ नये. उपाशीपोटी घेतल्यास मळमळ होते. पोहे किंवा उपमा खाऊन घेतल्यावर मला तो त्रास पहिल्या आठवड्यापलीकडे झाला नाही. लोह, कॅल्शियम आणि अ‍ॅसिडिटीची औषधे हिच्याबरोबर घेतली तर औषध नीट शोषले जात नाही. आपल्याकडे कितीतरी स्त्रिया रक्त वाढवण्यासाठी लोहाच्या गोळ्या घेत असतात, तेव्हा ही बाब चिठ्ठीवर लिहून घेण्याइतकी महत्त्वाची आहे. माझी लोहाची गोळी रात्रीच्या जेवणानंतर ढकलण्यात आली. दुधाचा परिणाम याच गटातल्या जुन्या टेट्रासायक्लिनइतका मोठा नसतो, तरी पेलाभर दुधाबरोबर ती न घेणेच बरे.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागली ती उन्हाची. माझा कोर्स नेमका ऑक्टोबरच्या उन्हात चालू होता. डॉक्सीसायक्लिनमुळे त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होते, आणि याला मुख्यतः कारणीभूत असलेले अतिनील किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. चेहऱ्याला सनस्क्रीन लावून आणि ओढणी गुंडाळूनही हातांचे पंजे लाल होऊन चुरचुरू लागले, तेव्हा डॉक्टरांनी पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि दुपारी पुन्हा सनस्क्रीन, असे सांगितले आणि त्याने आराम पडला. शेतात, रस्त्यावर किंवा दुचाकीवर दिवस घालवणाऱ्यांनी कोर्स सुरू होण्यापूर्वीच आपले काम डॉक्टरांना सांगावे. ज्याला ऊन टाळताच येत नाही त्याच्यासाठी वेगळा पर्याय विचारात घेता येतो.

दुसऱ्या महिन्यात मला योनिमार्गात बुरशीचा संसर्ग झाला. तिथले उपयुक्त जिवाणू प्रतिजैविकाने कमी झाले की असे होऊ शकते. क्लोट्रिमॅझोल या बुरशीवरच्या औषधाने तो लवकर बरा झाला, पण खाज सुरू झाल्यावर कितीतरी मुली लाजेने गप्प राहतात आणि गोळी मधेच सोडून देतात, म्हणून मी हे उघडपणे लिहीत आहे. अनेक कंपन्या गोळीतच लॅक्टोबॅसिलस हा उपयुक्त जिवाणू मिसळतात. माझ्या गोळीतही तो होता, आणि तरीही संसर्ग झाला. तीव्र डोकेदुखी आणि त्यासोबत अंधूक दिसणे ही मात्र वाट पाहण्याची गोष्ट नाही. क्वचित या औषधाने कवटीतला दाब वाढतो, आणि अशा वेळी गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले पाहिजे. आयसोट्रेटिनॉइन (तीव्र मुरुमांवरचे औषध) किंवा जीवनसत्त्व अ-च्या गोळ्या याच कारणाने हिच्यासोबत घेत नाहीत. गरोदरपणात आणि लहान मुलांना मुरुमांसाठी ही गोळी दिली जात नाही.

आईने गोळ्यांची पट्टी पाहिली तेव्हा ती म्हणाली, "अगं, ही तर लेप्टोची गोळी!" तिचे बरोबर होते. जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली, तेव्हापासून हे नाव आमच्या घराला ओळखीचे आहे, आणि आजही पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागलेल्यांना महापालिका डॉक्सीसायक्लिन घेण्याविषयी सांगते. स्क्रब टायफससारख्या जिवावर बेतणाऱ्या तापातही हेच औषध लागते. चेहऱ्यासाठी मी घेतलेली प्रत्येक गोळी माझ्या आतड्यातल्या आणि त्वचेवरच्या असंख्य जिवाणूंपर्यंतही पोहोचत होती, आणि प्रतिरोध, म्हणजे औषधाला न जुमानण्याची जिवाणूंची ताकद, असाच तयार होत जातो. तीन महिन्यांच्या मर्यादेचा आग्रह मला पटला तो या कारणाने. गोळीची किंमत इतकी कमी आहे की पैशांमुळे कोणी ती थांबवणार नाही. खर्च होतो तो जेल आणि सनस्क्रीनवर. शिवाय पट्टीवर चिठ्ठीशिवाय घेऊ नये असे सुचवणारी लाल रेघ असूनही जुनी चिठ्ठी दाखवून, किंवा तीही न दाखवता, ती मिळून जाते.

माझ्या एका मावसबहिणीला अ‍ॅझिथ्रोमायसिन हे दुसरे प्रतिजैविक, आठवड्यातून तीन दिवस, जवळजवळ वर्षभर दिले गेले. प्रत्येक वेळी बंद केले की मुरुमे परत येत आणि पुन्हा तेच सुरू होई. मुरुमांच्या जिवाणूमध्ये अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या गटातल्या औषधांना प्रतिरोध फार मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि विषमज्वरासाठी हे औषध आपल्या देशात नितांत गरजेचे आहे. ज्यांना डॉक्सीसायक्लिन चालत नाही त्यांच्यासाठी त्याला जागा आहे, पण वर्षभर आणि लावायच्या औषधांशिवाय ते दिले जावे, हे मला अजिबात योग्य वाटत नाही. डॉक्सीसायक्लिनच्याच गटातल्या मिनोसायक्लिनविषयीही मी विचारले होते. त्याने क्वचित त्वचेवर निळसर-राखाडी छटा उमटते आणि इतरही गंभीर दुष्परिणाम संभवतात, म्हणून डॉक्टरांनी ते टाळले.

गोळी थांबल्यावर पाळीच्या आधी हनुवटीवर पुन्हा पुळ्या उठल्या आणि मी घाबरून कोर्स वाढवून मागितला. डॉक्टरांनी ठाम नकार दिला आणि दोन्ही जेल तशीच चालू ठेवायला सांगितली. बेंझॉइल पेरॉक्साइडला जिवाणूंचा प्रतिरोध होत नाही, त्यामुळे ते दीर्घकाळ वापरता येते. फक्त त्याने कपड्यांचा रंग उडतो, तेव्हा टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरेच ठेवावेत. पुढच्या दोन-तीन महिन्यांत त्या पुळ्याही विरळ झाल्या. आता पाळीच्या सुमारास एखाददुसरी येते, वरवरची असते आणि डाग न ठेवता जाते. जुने डाग बरेच फिकट झाले आहेत, खड्डे तसेच आहेत. खोल गाठी परत आल्या तर हीच गोळी पुन्हा द्यायची नाही, तेव्हा स्पायरोनोलॅक्टोन (संप्रेरकांचा परिणाम रोखणारे औषध) किंवा आयसोट्रेटिनॉइन यांचा विचार करायचा, असे डॉक्टरांशी ठरले आहे, आणि या दोन्हींपूर्वी गर्भधारणेविषयी पुन्हा सविस्तर बोलावे लागेल.