नर्सिंगची पहिली नोकरी आणि एक फुकट मिळणारी मदत

सेवा: एनसीवर्क्स करिअर सेंटर (नोकरी शोधायला मदत करणारं सरकारी केंद्र), नॉर्थ कॅरोलिना, अमेरिका. खर्च: काही नाही. माझ्याकडून पाचपैकी पाच तारे.

मी मूळची मिरजेची. न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजमधून डिसेंबर २०२३ मध्ये नर्सिंगची असोसिएट डिग्री पूर्ण केली. ही डिग्री दोन वर्षांची म्हणतात, पण आधीचे ॲनाटॉमी, मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री हे विषय धरले तर मुलाची शाळा सांभाळून मला साडेतीन वर्षं लागली. फेब्रुवारीत एनक्लेक्स, म्हणजे नर्सिंगच्या लायसन्सची परीक्षा, दिली. ८५ व्या प्रश्नाला कॉम्प्युटरने परीक्षा थांबवली आणि मी पास झाले. एप्रिलमध्ये नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही नॉर्थ कॅरोलिनात रॉली शहराजवळ केरीला राहायला आलो.

लायसन्सचं काम त्यामानाने सोपं होतं. न्यू जर्सी आणि नॉर्थ कॅरोलिना दोन्ही राज्यं नर्सिंगच्या कॉम्पॅक्टमध्ये (एकमेकांचं लायसन्स मानणाऱ्या राज्यांच्या करारात) आहेत, त्यामुळे माझं मल्टिस्टेट लायसन्स इथे चालत होतं. फक्त २ जानेवारी २०२४ पासूनचा नवा नियम लक्षात ठेवा: कॉम्पॅक्टमधल्या दुसऱ्या राज्यात कायमचं राहायला गेलात, की ६० दिवसांच्या आत तिथल्या लायसन्ससाठी अर्ज करावा लागतो. मी इथलं ड्रायव्हिंग लायसन्स हातात येताच अर्ज केला. कॅलिफोर्निया किंवा न्यूयॉर्कहून येणाऱ्यांचं तसं नाही. ती राज्यं कॉम्पॅक्टमध्ये नाहीत, त्यामुळे काम सुरू करण्याआधीच नव्या राज्याचं लायसन्स हातात असावं लागतं.

अडलं ते नोकरीशी. न्यू जर्सीत जिथे क्लिनिकल (हॉस्पिटलमधलं प्रात्यक्षिक) केलं, तिथल्या सिस्टर्स मला चेहऱ्याने ओळखायच्या. इथे ओळखीचं कुणीच नाही. अडीच महिन्यांत ४१ अर्ज केले आणि एकाही ठिकाणाहून फोन आला नाही. काही ठिकाणी तर अर्ज पाठवल्यावर दहा मिनिटांत नकाराची मेल. वर मुदतीची टांगती तलवार: नव्या नर्सेससाठीच्या बहुतेक रेसिडेन्सी (शिकत करायची पहिली नोकरी) शिक्षण संपून वर्ष व्हायच्या आतच घेतात. मिरजेहून मावशीचा फोन यायचा. ती तिथल्या मिशन हॉस्पिटलमध्ये तीस वर्षं स्टाफ नर्स होती. ती दर वेळी विचारायची, "अगं, माणसं आजारी पडत नाहीत का तिकडे?" मला उत्तर देता यायचं नाही.

त्याच काळात एका खासगी रेझ्युमे सेवेला मी २७५ डॉलर दिले. नाव लिहीत नाही. त्यांनी माझ्या रेझ्युमेत 'करुणामय', 'ध्येयनिष्ठ' अशा अर्थाचे शब्द भरून दोन पानं सुंदर सजवून दिली. फोन तरीही आला नाही.

करिअर सेंटरचं मला लायब्ररीतल्या बाईंनी सांगितलं. देशभर याला अमेरिकन जॉब सेंटर म्हणतात, प्रत्येक राज्यात नाव वेगळं. केंद्राच्या श्रम खात्याच्या करिअरवनस्टॉप या साइटवर झिप कोड टाकला की जवळचा पत्ता मिळतो. मला वाटायचं ही जागा बेकारी भत्ता घेणाऱ्यांची असते, नर्सला तिथे काय मिळणार? हा समज मनात असेल तर काढून टाका. माझे दोन महिने त्यात गेले.

ऑनलाइन नाव नोंदवून मंगळवारी सकाळी गेले. ज्या समुपदेशक बाई मिळाल्या, त्या नर्स नव्हत्या आणि त्यांनी ते पहिल्याच मिनिटाला सांगितलं. त्यांनी माझ्याकडून मी अर्ज केलेल्या पाच जाहिराती छापून घेतल्या आणि पिवळा मार्कर माझ्या हातात दिला. म्हणाल्या, डिग्रीबद्दल जिथे जिथे लिहिलंय तिथे रंगव. पाचांपैकी तीन ठिकाणी बीएसएन (नर्सिंगची बॅचलर डिग्री) 'आवश्यक' होतं. एका ठिकाणी 'असल्यास प्राधान्य'. आणि एका ठिकाणी, अगदी तळाशी, 'नोकरी लागल्यापासून पाच वर्षांत बीएसएन पूर्ण करावी'. मी या पाचही जागा एकाच मापाने मोजल्या होत्या. ४१ अर्जांतले निम्म्याहून अधिक मी जिथे दार बंद होतं तिथेच टाकले होते, हे मला त्या टेबलावर कळलं.

आपल्याकडच्या वाचकांसाठी सांगते. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि बीएससी नर्सिंग हा फरक आपल्याला माहीत आहे, इथे साधारण तसंच आहे. मात्र परीक्षा एकच, लायसन्सही एकच. असोसिएट डिग्रीची नर्स आणि बीएसएनची नर्स दोघीही आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मिल्ड्रेड माँटॅग यांच्या कल्पनेतून १९५२ मध्ये कम्युनिटी कॉलेजांत सुरू झाला, तो दुसऱ्या महायुद्धानंतर नर्सेस कमी पडत होत्या म्हणून. पुढे २०१० मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने २०२० पर्यंत ८० टक्के नर्सेस बीएसएन असाव्यात अशी शिफारस केली आणि मोठी हॉस्पिटलं तिकडे झुकली. न्यूयॉर्कने तर २०१७ मध्ये नव्या नर्सेसना दहा वर्षांत बीएसएन करण्याचा कायदाच केला. मला हे खटकतं. रात्री तीन वाजता रुग्णाचा श्वास बिघडला तर डिग्री कोणती हे कुणी विचारत नाही. पण नोकरी शोधताना हे वास्तव धरूनच चालावं लागतं, म्हणून मी ऑनलाइन आरएन-टू-बीएसएनला प्रवेश घेतला आणि रेझ्युमेत पहिल्याच तीन ओळींत तसं लिहिलं.

रेझ्युमे एका पानावर आला. विशेषणं सगळी गेली. त्याजागी प्रत्येक क्लिनिकलचा विभाग, तास, एका वेळी किती रुग्ण सांभाळले, नोंदी कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये केल्या. मेडिकल-सर्जिकल, प्रसूती, मुलांचा विभाग, मानसोपचार, सगळं वेगवेगळं. नव्या नर्सकडे अनुभव नसतो असं मी स्वतःच धरून बसले होते. कागदावर तास मांडले तेव्हा ते दिसले.

दुसऱ्या भेटीत सरावाची मुलाखत. त्यांनी फोनवर दोन मिनिटांचा टायमर लावला आणि विचारलं, रुग्णाच्या बाबतीत तुझ्या लक्षात आलेली एखादी गोष्ट सांग. मी पुस्तकी उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, हे नको, खरं घडलेलं सांग. मग मी चाचरत एका आजोबांचं सांगितलं. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, कॅथेटर (लघवीची नळी) लावलेला. युरिन बॅगमध्ये दोन तासांत जेमतेम २० मिली. तासाला ३० मिलीच्या खाली गेलं की सांगायचं, हे आम्हाला घोकून घेतलेलं. सिस्टरना हाक मारली आणि त्या येईपर्यंत चादर उचलून नळी बोटाने चाचपत गेले. ती मांडीखाली दुमडली होती. पाय हलकेच उचलून नळी सरळ केली, तशी बॅग भरायला लागली. ४०० मिली. आजोबांचा कपाळावरचा घाम थांबला. मला ही गोष्ट इतकी साधी वाटायची की मी ती कुठेच लिहिली नव्हती. टायमर वाजून गेला होता. बाईंनी तो बंद केला आणि म्हणाल्या, प्रत्येक मुलाखतीत हेच सांग.

त्यांनीच मला हॉस्पिटलच्या बाहेर बघायला लावलं: डायलिसिस सेंटर, रिहॅब (आजारातून किंवा ऑपरेशनमधून सावरायचं केंद्र), स्किल्ड नर्सिंग (नर्सची देखरेख लागणाऱ्यांचं निवासी केंद्र). सुधारलेल्या रेझ्युमेवर १२ अर्ज केले, चार मुलाखती आल्या. एका ठिकाणी १०,००० डॉलरचा सही-बोनस (नोकरी स्वीकारल्याबद्दल मिळणारी रक्कम) होता. कागद घेऊन मी सेंटरला गेले आणि आम्ही दोघींनी ओळ न् ओळ वाचली. दोन वर्षांच्या आत सोडलं तर सगळी रक्कम परत, आणि ओरिएंटेशन फक्त तीन दिवस. नव्या नर्सला तीन दिवसांत एकटीला उभं करणं हा रुग्णांवरही अन्याय आहे. मी नाही म्हणाले. दुसऱ्या एका सब-अक्यूट रिहॅबमध्ये (हॉस्पिटलमधून सुटल्यावरही उपचार लागणाऱ्यांसाठीच्या) सहा आठवडे प्रिसेप्टरसोबत, म्हणजे शिकवणाऱ्या अनुभवी नर्ससोबत, आणि नंतर दिवसपाळीला १४ रुग्ण. बोनस नाही. तिथे मी सप्टेंबरमध्ये रुजू झाले. मुलाखतीत आजोबांची गोष्ट सांगितली तेव्हा डायरेक्टर ऑफ नर्सिंगनी पेन खाली ठेवलं होतं.

एक गोष्ट नीट समजून घ्या. रिहॅब किंवा स्किल्ड नर्सिंगचा अनुभव काही हॉस्पिटलं 'अक्यूट' (हॉस्पिटलमधल्या गंभीर रुग्णांचा) म्हणून धरत नाहीत. पुढे आयसीयूला जायचं मनात असेल तर हा निर्णय विचार करून घ्या. मला जखमांची निगा, आयव्ही अँटिबायोटिक्स, १४ जणांची औषधं वेळेत देणं हे हातात बसायला हवं होतं, ते बसतंय.

सेंटरला जाताना नर्सिस या लायसन्स तपासायच्या साइटवरची आपल्या लायसन्सची प्रिंट (तिथली क्विककन्फर्म ही सोय फुकट आहे), ग्रीन कार्ड किंवा ईएडी (काम करण्याचा परवाना), बीएलएसचं (प्राथमिक जीवरक्षणाच्या प्रशिक्षणाचं) कार्ड आणि स्वतः अर्ज केलेल्या जाहिराती छापून न्या. शेवटचं विसरू नका, माझं सगळं काम त्या पाच कागदांवरून सुरू झालं. आधी फोन करून वेळ घेतलीत तर एकाच समुपदेशकाकडे पुन्हा जाता येतं. रेझ्युमेला कुणी पैसे मागत असेल तर आधी इथे जाऊन या.