वही की अंगठा?
रेशन दुकानातली जुनी वही खोटं बोलायची. न दिलेला तांदूळ दिला म्हणून मांडलेला असायचा. पण दुकानदाराशी भांडता तरी यायचं. आता अंगठ्याचा ठसा घेऊन धान्य देणाऱ्या ई-पॉस यंत्राशी कोण भांडणार? काजू सोलणाऱ्या बाईची बोटं टरफलाच्या तेलानं सोलवटलेली. ठसा जुळला नाही, की २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं 'प्राधान्य' गटातल्या कुटुंबाला दिलेलं महिन्याचं माणशी ५ किलो धान्य अडलंच. ओटीपी? मोबाईल मुलाकडे, आणि मुलगा पणजीत कामाला!

यंत्राचं एक मात्र मानायला हवं. जानेवारी २०२०पासून गोवा 'एक देश, एक रेशनकार्ड'मध्ये आहे. कर्नाटकातून आलेल्या मजुराला इथंच धान्य उचलता येतं. वहीला ते जमलं नसतं. तरी ठसा फसल्यावर वही उघडायची की नाही, हे दुकानदारानं का ठरवावं?