नेताजी भवन, कोलकाता: गाडी बघून लगेच परत फिरू नका

एल्गिन रोडवर (आता लाला लजपतराय सरणी) नेताजी भवनात येणारे बहुतेक जण तळमजल्यावरची काचेआडची गाडी बघतात, वर एक फेरी मारतात आणि निघतात. सुभाषबाबूंच्या कुटुंबाचा धागा मात्र तेवढ्यात हाती लागत नाही. दोन तास तरी काढून या. मेट्रोने आलात तर 'नेताजी भवन' स्टेशनपासून चालत थोडंसंच अंतर आहे. सोमवारी बंद असतं.

जाण्याआधी नाती पाठ करून घ्या, नाहीतर आत नुसता 'बोस'-'बोस' असा गोंधळ होतो. हे घर वडिलांनी, म्हणजे कटकचे वकील जानकीनाथ बोस यांनी 1909 मध्ये बांधलं. त्यांना चौदा मुलं, सुभाष नववे. शरदचंद्र म्हणजे सुभाषबाबूंचे 'मेजदादा' (दुसऱ्या क्रमांकाचे थोरले भाऊ), आणि शरदबाबूंचा मुलगा शिशिर. एवढी तीन नावं पक्की झाली तरी पुष्कळ उलगडतं.

गाडी जर्मन वाँडरर, नंबर बीएलए 7169. सुभाषबाबू तेव्हा इंग्रजांच्या नजरकैदेत होते. 16 जानेवारी 1941 च्या मध्यरात्रीनंतर वीस वर्षांचा शिशिर ती चालवत काकांना घेऊन घरातून निसटला. धनबादजवळ दुसऱ्या पुतण्याच्या, अशोकच्या घरी दिवस काढून 17 च्या रात्री गोमोह स्टेशनवर रेल्वे पकडायची, असा बेत होता. वरच्या मजल्यावर जमिनीवर पावलांच्या खुणा काढल्या आहेत. खोलीपासून खालपर्यंत त्यांच्यामागून जा, उलट दिशेने नको. सुभाषबाबू एकांतात आहेत असं भासवून त्यांच्यासाठी पडद्याआड ताट ठेवलं जाई आणि पुतणी इलासारखी घरातली मंडळी पुढचे काही दिवस ते संपवत राहिली, म्हणून बाहेर कुणाला संशय आला नाही. एकत्र कुटुंब नसतं तर हे जमलंच नसतं, असं माझं मत.

सुभाषबाबूंच्या पत्नी एमिली आणि मुलगी अनिता यांच्याबद्दलचं साहित्य घाईत निसटतं, तिथे थांबा. एमिली शेंकल व्हिएन्नाच्या, 1934 मध्ये ओळख झाली. कुटुंबाच्या सांगण्यानुसार लग्न डिसेंबर 1937 मध्ये ऑस्ट्रियातल्या बाडगास्टाइनला, गुपचूप. 29 नोव्हेंबर 1942 ला अनिता जन्मली. 8 फेब्रुवारी 1943 ला जर्मनीहून पाणबुडीने आशियाकडे निघताना सुभाषबाबूंनी शरदबाबूंसाठी बंगालीत पत्र ठेवलं: लग्न केलंय, मुलगी आहे, माझ्यावर केलंत तसंच प्रेम त्यांच्यावर करा. तेव्हा मुलगी जेमतेम दहा आठवड्यांची. शरदबाबू 1948 मध्ये व्हिएन्नाला जाऊन दोघींना भेटले. एमिलींनी ट्रंक एक्स्चेंजमध्ये (टेलिफोन केंद्रात) नोकरी करून मुलीला वाढवलं. 1996 मध्ये त्या गेल्या. अनिता फाफ पुढे आउग्सबुर्गला अर्थशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

एक गोष्ट लक्षात ठेवा: हे संग्रहालय शिशिरबाबूंनी 1957 मध्ये सुरू केलेल्या नेताजी रिसर्च ब्युरोचं आहे. म्हणजे शरदबाबूंच्या शाखेचं. 18 ऑगस्ट 1945 ला तैहोकूच्या (आताच्या तैपेईच्या) विमान अपघातात सुभाषबाबू गेले, असं ही शाखा मानते. नातेवाइकांपैकी सगळे मानत नाहीत. गूढकथा ऐकायला येणाऱ्याची इथे निराशा होईल, आणि ते बरंच आहे. शिशिरबाबूंच्या पत्नी कृष्णा बोस आणि मुलगा सुगत बोस दोघेही खासदार होते. सुगत हार्वर्डचे इतिहासकार. त्यामुळे मांडणीत घरचा आणि अभ्यासकाचा आवाज मिसळलेला आहे.

उणीव म्हणजे आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे वही-पेन न्या. 23 जानेवारीला, जयंतीच्या दिवशी, गर्दीत खोल्या नीट बघता येत नाहीत. आठवड्यातला साधा दिवस गाठा. सुभाषबाबू आणि एमिली यांची पत्रं ब्युरोने संकलित साहित्याच्या सातव्या खंडात काढली आहेत. तो खंड आधी चाळून आलात तर वरच्या मजल्यावर पाट्यांवर अवलंबून राहावं लागणार नाही.