परिवेश पोर्टल : टप्प्याटप्प्याच्या प्रकल्पात फ्लॅट घेण्याआधी काय पाहायचं

सांगलीत विश्रामबागेच्या पलीकडे, कुपवाडच्या कडेला ‘फेज 1’, ‘फेज 2’ असे फलक असलेल्या प्रकल्पात टोकन देण्याआधी परिवेश पोर्टलवर, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या मंजुरीच्या संकेतस्थळावर, अर्धा तास घालवाच. पर्यावरण मंजुरीचा प्रस्ताव शोधायला लॉगिन लागत नाही, पैसेही नाहीत. मंजुरीपत्र इंग्रजीत असतं, हा मोठाच उणेपणा. त्याहून मोठी उणीव म्हणजे सगळ्या टप्प्यांचा हिशेब एकत्र दिसत नाही. तो आपणच मांडावा लागतो.

बिल्डरकडून प्रस्ताव क्रमांक मागून घ्या. तो ‘एसआयए/एमएच’ने सुरू होतो. विस्तारासाठी नवा अर्ज होतो आणि क्रमांकही नवा पडतो, त्यामुळे पहिल्या टप्प्याचं पत्र दाखवून दुसऱ्याचं काम भागत नाही. महारेरा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडेही टप्प्यांची नोंदणी वेगवेगळी असते. रेरा नंबर मिळाला म्हणजे पर्यावरण मंजुरी आहेच, असं धरू नका.

आता क्षेत्रफळ. केंद्राच्या 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार 20,000 चौ.मी. बांधकामापासून मंजुरी लागते, 1,50,000 चौ.मी. किंवा 50 हेक्टरपासून पुढे टाउनशिपचे नियम येतात. घोळ होतो तो इथेच. हे बांधकाम क्षेत्र म्हणजे एफएसआय (नियमात मोजलं जाणारं चटईक्षेत्र) नव्हे. पार्किंग, जिने, तळघर, सगळे मजले त्यात धरायचे. एफएसआय 15,000 दिसत असला तरी प्रत्यक्ष बेरीज 21,000 होऊ शकते. पहिला टप्पा 18,500 आणि दुसरा 14,000 असेल तर प्रकल्प 32,500 चा झाला. दोन्ही सुटे दाखवून सूट मिळत नाही.

पोर्टलवरची केएमएल फाईल, म्हणजे प्रकल्पाच्या हद्दीचा नकाशा, सगळ्यात कामाची. ती गूगल अर्थमध्ये उघडा आणि दुसऱ्या टप्प्याची जमीन हद्दीत आहे का ते बघा. मग जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषेशी ताडून पाहा. निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. नव्या टप्प्यासाठी मुरूम टाकून जागा उंचावली आणि जुना ओघळ बुजला, की पाणी पहिल्या टप्प्याच्या पार्किंगमध्ये शिरतं. म्हणून भरावाची उंची आणि पावसाच्या पाण्याची गटार कुठे सोडली आहे, हे अर्जातच वाचा. शोषखड्डे किती, यावर समाधान मानू नका. काळ्या जमिनीत पाणी मुरायला वेळ लागतो आणि भूजल वर असेल तर खड्डा आधीच भरलेला असतो.

सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचा (एसटीपी) हिशेब सोपा आहे. माणशी रोज 135 लिटर, घरात पाच माणसं धरली तर 200 फ्लॅटना 1,35,000 लिटर पाणी लागतं आणि त्यातलं बहुतेक सांडपाणी होतं. एसटीपी 600 फ्लॅटचा बांधला आणि राहायला 80 कुटुंबंच आली, तर टाकीतल्या जिवाणूंना पुरेसं खाद्य मिळत नाही. वास येतो आणि पाणी तसंच नाल्यात सोडलं जातं. सांडपाणी कृष्णेत नेणाऱ्या शेरीनाल्याचं दुखणं सांगलीकरांना सांगायला नको. टप्प्यागणिक वेगळं युनिट असलेला आराखडा बरा.

मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचा असतो. तो मागा. तक्रार असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगली कार्यालयात अर्ज द्या; त्यात मंजुरीपत्रातला अट क्रमांक लिहा, शेजारी तारखेसह फोटो जोडा.