६२० गेम आणि न पडणारी बदकं

कॅसेट फुंकून गेम चालू करणाऱ्या पिढीतला मी. '९९९९ इन १' छापलेल्या पिवळ्या कॅसेटमध्ये खरे गेम वीस-पंचवीसच असतात, बाकी त्यांच्याच पुढच्या लेव्हल्स, हे शाळेतच कळलं होतं. तरी दिवाळीत मोबाइलवर टीव्हीला जोडायच्या गेम सेटची जाहिरात दिसली, '६२० गेम, दोन रिमोट, बंदूक मोफत, फक्त १४९९', आणि मी ऑर्डर देऊन मोकळा. खरं सांगायचं तर बंदुकीसाठीच. जाहिरातीत एक पोरगा भिंतीवरच्या एलईडी टीव्हीवर धडाधड बदकं पाडत होता.

कुरिअरवाला म्हणाला, "काका, आधी पैसे, मग खोका." दिले. गेमच्या यादीत कॉन्ट्रा अकरा वेळा, दर वेळी नवं नाव. तेवढं मी हसून सोडलं असतं. (वर-वर-खाली-खाली-डावी-उजवी-डावी-उजवी-बी-ए दाबलं की ३० लाइफ अजूनही मिळतात, हे लेकाला दाखवताना भाव खाऊन घेतला.) पण बंदूक! लेक पार पडद्याला नळी टेकवून झाडत होता, तरी एक बदक पडेना. आणि नेम चुकला की गेममधला तो मेला कुत्रा दर वेळी गवतातून डोकं काढून हसायचा.

विक्रेत्याला फोन लावला. "सर, तुमच्या टीव्हीत प्रॉब्लेम आहे." परत घ्या म्हटलं तर, "खोका उघडतानाचा व्हिडिओ आहे का?" नव्हता. खोक्यावर धड पत्ताही नव्हता. दुसऱ्या दिवसापासून नंबर बंद.

गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याने बंदूक हातातही न घेता सांगितलं. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि नळीतला सेन्सर तो उजेड टिपतो. १९८४ सालचा हा 'डक हंट' गेम, सगळा हिशेब जुन्या डबा टीव्हीतल्या पिक्चर ट्यूबच्या वेगावर बांधलेला. एलईडीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, तोवर बंदुकीची वेळ टळून गेलेली असते. म्हणजे टीव्हीबद्दल तो विक्रेता खोटं बोललाच नव्हता. खोटी होती ती जाहिरात.

बंदूकवाला सेट घेणार असाल तर एलईडीवर चालेल का, ते पैसे देण्याआधी लेखी विचारा, आणि खोका फोडताना कुणालातरी मोबाइल धरायला लावा. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, मी तक्रार दिली आहे. पण विक्रेत्याचं नाव-गावच हाती नाही, त्यामुळे फार आशा धरलेली नाही.

दुरुस्तीवाल्याने कोपऱ्यातल्या धुळकट डबा टीव्हीला सेट जोडला. तिसऱ्याच गोळीला बदक खाली. लेक माझ्याकडे वळला, "बाबा, हा टीव्ही केवढ्याला आहे विचारा ना."