सात महिने डोक्याला ईईजी पट्टा बांधून झोपले, त्याचा अनुभव

ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लाटांची नोंद, ती घरी झोपेत घेणारा हा पट्टा. तो घेऊन सात महिने झाले, ऑक्टोबरमध्ये घेतला आणि आता मे संपत आलाय. मुद्दाम इतके दिवस थांबले कारण पहिल्या पंधरा दिवसांत लिहिलं असतं तर नुसतं कौतुक लिहिलं असतं आणि ते चुकीचं ठरलं असतं. कंपनीचं नाव देत नाहीये, कारण या प्रकारच्या सगळ्याच पट्ट्यांना लागू पडेल असं बरंच आहे.

आधी थोडं मागचं सांगते. मी नागपूरची, वय 46, दिवसभर कॉम्प्युटरसमोर हिशेबाचं काम. तीनेक वर्षं झोपेचा त्रास. रात्रभर टक्क जागी असते असं वाटायचं, घरच्यांना सांगितलं की ते म्हणायचे अगं तू तर घोरत होतीस. शेवटी डॉक्टरांनी एक रात्र स्लीप लॅबमध्ये झोपायला सांगितलं. तिथल्या टेक्निशियन दादांनी टेपने डोकं मोजलं, नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, आणि त्या लांबीच्या 10 आणि 20 टक्क्यांवर पेन्सिलने खुणा केल्या. म्हणून त्या पद्धतीला टेन-ट्वेंटी म्हणतात हे तिथे कळलं. मग खरखरीत जेलने त्वचा घासली, पेस्ट लावून वायरी चिकटवल्या, डोक्यावर, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखाली, पायांवर. आणि मला एसी थोडा जास्त थंड वाटला म्हणून कमी करायला सांगितलं तर ते म्हणाले, "ताई, पांघरूण आणखी एक देतो पण एसी राहू द्या, घाम आला की लाटा बिघडतात." तेव्हा मी ते कानाआड केलं. पुढे हेच वाक्य कामी आलं.

सकाळी विचारलं किती झोपलात, मी म्हटलं दोन तास जेमतेम. रिपोर्टमध्ये निघाले 5 तास 40 मिनिटं. मला धक्काच बसला, आधी खरंच वाटेना. डॉक्टरांनी समजावलं की काहींना झोप लागलेली असूनही जागं असल्यासारखं वाटतं, तुम्ही खोटं सांगत नाही आहात. ते ऐकून रडूच आलं मला. आणि तिथूनच डोक्यात बसलं की हे घरी बघता आलं पाहिजे.

तर हा पट्टा. कपाळावर कोरडे इलेक्ट्रोड आणि कानांमागे दोन, पेस्ट वगैरे काही नाही. मोबाईलवर सकाळी रंगीत आलेख येतो, जागं, हलकी झोप, गाढ झोप, रेम म्हणजे स्वप्नांची झोप. पहिला महिना मी त्या रंगांवरच जगले. गाढ झोप 40 मिनिटं दिसली की दिवस वाईट, सव्वा तास दिसली की छान. हे करू नका, कळकळीने सांगते. झोप मोजण्याच्या काळजीनेच माझी झोप आणखी बिघडली.

फरक पडला तो कच्च्या लाटा बघायला लागल्यावर. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने पट्ट्यातली फाईल काढून लॅपटॉपवर उघडून दिली. सगळ्या झोपेचे 30-30 सेकंदांचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याला एक टप्पा देतात. 30च का, तर पूर्वी हे कागदावर निघायचं, सेकंदाला 10 मिलिमीटर कागद सरकायचा आणि 30 सेंटिमीटरचं एक पान व्हायचं, 1968च्या नियमावलीत पानागणिक टप्पा द्यायची पद्धत आली आणि कागद गेला तरी ते 30 सेकंद टिकले. म्हणजे आठ तासांची रात्र म्हणजे 960 पानं. मी एका रविवारी बसून माझी पहिली 200 पानं एकेक करून बघितली.

आणि मग स्पिंडल दिसला. सपाटशा लाटांत अचानक एक दाट झुबका, सेकंदाला 11 ते 16 हेलकावे, अर्ध्या सेकंदापेक्षा थोडा जास्त टिकणारा, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता. माझी आजी वर्ध्याची, टकळीवर सूत काढायची, सूत भरलेली चाती अगदी अशीच दिसायची, आणि इंग्रजी नावाचा अर्थही तोच. त्याच्या शेजारी एक मोठी टोकदार लाट, खाली-वर जाणारी, तिला के-कॉम्प्लेक्स म्हणतात. ही दोन दिसली की माणूस एन टू मध्ये, म्हणजे झोपेच्या दुसऱ्या टप्प्यात, नक्की झोपलेला. ती वेळ होती रात्री 1.10ची आणि त्या रात्री माझ्या वहीत लिहिलेलं होतं "तीनपर्यंत डोळ्याला डोळा नाही". अॅपने सांगितलेलं मला कधी पटलं नव्हतं, पण हे पटलं, कारण ते मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

आता कमतरता, आणि त्या मोठ्या आहेत. डोळे मिटून शांत पडलं की मेंदूत अल्फा लाटा येतात, सेकंदाला 8 ते 13, पण त्या सगळ्यात ठळक दिसतात डोक्याच्या मागच्या बाजूला. लॅबमध्ये तिथे इलेक्ट्रोड असतो. माझा पट्टा कपाळावर. त्यामुळे मी जागी पण निपचित पडलेली असले की तो बऱ्याचदा हलकी झोप म्हणतो. निद्रानाश असलेल्या माणसाला नेमकं हेच तर जाणून घ्यायचं असतं ना! हनुवटीची वायरही नाही, आणि रेममध्ये स्नायू सैल पडतात ते तिथूनच कळतं, म्हणून पहाटेच्या वेळी रेम आणि हलकी झोप यांत याचा गोंधळ होतो. तरी एक सांगते, माणसांचंही शंभर टक्के जुळत नाही. अमेरिकेत 2500हून जास्त प्रशिक्षित लोकांना तीच पानं दाखवली तेव्हा एकूण सहमती सुमारे 83 टक्के आली आणि एन वन या पहिल्या टप्प्यावर फक्त 63. तर मशीनकडून मिनिटामिनिटाचा हिशेब मागू नये.

मग आला एप्रिल. नागपूरचा एप्रिल माहितीये सगळ्यांना. कूलर चालू पण कपाळ ओलंच, आणि अॅपमध्ये माझी गाढ झोप अचानक दोन दोन तास! मी इतकी खूश झाले, बहिणीला फोनसुद्धा केला. पण सकाळी अंगात जीव नसायचा. चौथ्या दिवशी लाटा उघडल्या तर संपूर्ण रेघच संथ हिंदकळत होती, दोन-तीन सेकंदांना एक हेलकावा, पाण्यावर काडी हलावी तशी. गाढ झोपेच्या लाटा सेकंदाला अर्धा ते दोन हेलकाव्यांच्या असतात आणि मोठ्या, निदान 75 मायक्रोव्होल्टच्या, आणि पानाचा 20 टक्के भाग म्हणजे 6 सेकंद तशा असाव्या लागतात. माझ्या त्याहूनही संथ होत्या आणि घामाचा जोर असेल तेव्हाच होत्या. तेव्हा टेक्निशियन दादांचं एसीचं वाक्य आठवलं. घाम होता तो! भाच्याने यासा (YASA) नावाचं, झोपेचे टप्पे ओळखणारं मोफत सॉफ्टवेअर बसवून दिलंय, राफाएल वाला या संशोधकाने बनवलेलं, 30,000 तासांहून जास्त रेकॉर्डिंगवर शिकवून तपासलेलं, त्यातून त्या रात्री काढल्या, घामाची पानं बाजूला टाकली तर गाढ झोप 50 मिनिटांच्या आसपास, माझी नेहमीची.

तेल लावलेल्या रात्रीही सिग्नल जातो, कपाळ साबणाने धुवावं लागतं. चार्जर उशाशी असला की लाटांवर घरातल्या विजेची 50 हर्ट्झची जाड किनार येते, तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. कुशीवर झोपलं की कानामागचा सेन्सर निघतो, रोज बांधायचे तेव्हा माझे सातातले दोन दिवस असे वाया जायचे. आणि मार्चमधल्या अपडेटनंतर कंपनीने कच्ची फाईल काढायलाही महिन्याचे पैसे लावले, याचा मला मनापासून राग आहे. डोकं माझं, लाटा माझ्या, त्या मलाच विकत का घ्यायच्या? घेताना हे आधी विचारा, फाईल ईडीएफमध्ये (अशा लाटा साठवायचा, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडणारा फाईलचा प्रकार) मिळते का आणि फुकट मिळते का. मिळत नसेल तर नका घेऊ, नुसत्या रंगीत आलेखासाठी इतके पैसे घालवू नका.

घोरणं, श्वास अडकणं असा संशय असेल तर हा पट्टा उपयोगाचा नाही, माझ्या पट्ट्यात श्वास किंवा ऑक्सिजन मोजलाच जात नाही, लॅबच गाठा.

मी आता आठवड्यातून दोनच रात्री बांधते. सकाळी अॅप उघडायच्या आधी वहीत माझा अंदाज लिहायचा आणि मगच बघायचं, हा नियम केलाय. ऑक्टोबरमध्ये दोन्हींत साडेतीन तासांचं अंतर असायचं. परवाची नोंद: मला वाटलं साडेचार तास, लाटांवरून 5 तास 25 मिनिटं.